हलू नको, चिमणी उडून जाईल

मित्रांनो, मी आज जे सांगणार आहे त्यावर तुमचा विश्वास बसणार नाही. नाही बसला तर नाही. माझ्यासारख्या म्हाताऱ्यावर आजवर कोणाचा बसलाय? पण ऐकून घ्या. मी एक जुनं एक्स-रे यंत्र आहे. महागाव तालुक्यातल्या एका सरकारी दवाखान्यामागच्या पत्र्याच्या खोलीत मोडक्या खाटा आणि गंजलेल्या सलाइनच्या दांड्यांमध्ये उभा असतो. मान एका बाजूला कललेली, पोटात पालीची अंडी. तरी माझा दरारा असा होता, की मी नुसता डोळा उघडला तरी फुलसावंगीपर्यंतचे बल्ब मंद व्हायचे.

माझा जन्म फार दूरच्या कारखान्यात झाला. ट्रकमध्ये बसून मी इकडे आलो. आर्णीच्या पुढच्या चढावर ट्रक बंद पडला, तेव्हा ड्रायव्हर कपाळाला हात लावून बसला. शेवटी मीच खाली उतरलो आणि मागून ढकलला.

"फेकू नको ना, आबा!" असं आत्ताच कोणीतरी ओरडलं. तुम्हाला ऐकू आलं नसेल. त्याचं काय आहे, ते आधीच सांगून ठेवतो, नाहीतर मध्येच दचकाल.

मी ज्या मुलाचा फोटो काढायचो ते मूल घरी जायचं. त्याची फिल्मही पिवळ्या पाकिटातून घरी जायची. सावली मात्र माझ्याकडे उरायची. दुपारी दवाखाना पांगला, पत्रा तापून कडकड वाजू लागला, की त्या सगळ्या सावल्या माझ्यासमोर फतकल मारून बसतात. हाडं पांढरी, बाकीचा सगळा धूर. "आबा, गोष्ट सांग" म्हणतात. मघाशी ओरडला तो स्वानंद. त्यानं लहानपणी कपाटाची किल्ली गिळली होती. तो स्वतः आता पोट सुटलेला मास्तर आहे, दिग्रसला शिकवतो. पण त्याची सावली अजून सहा वर्षांचीच आहे आणि तिच्या पोटात ती किल्ली चमकते.

आणि तिकडे कोपऱ्यात, भिंतीला टेकून, एक लहानगी बसते. गळ्यात ताईत. तिचा श्वास आत जाताना काही वाटत नाही, बाहेर येताना मात्र बारीक शिट्टी वाजते. इतकी वर्षं झाली, ती कधी एक शब्द बोललेली नाही. आज तिचीच गोष्ट.

माझ्या उमेदीच्या काळात मला चालवायचा तो नीळकंठ. पोरं मला फार भ्यायची. भितीलच. अंधारी खोली, वर लटकलेलं माझं काळं डोकं, खाली गार पत्रा. पण नीळकंठकडे एक मंत्र होता. पोराच्या छातीवर दोन बोटं ठेवून तो म्हणायचा, "हलू नको बरं, बाप्पा. छातीत चिमणी बसली हाये. हललं का भुर्र उडून जाते." पोरगं श्वास धरून गप्प. मग नीळकंठ शिशाच्या पडद्याआड जाऊन बटण दाबायचा. तान्ह्या बाळाला काय कळतंय, पण त्यालाही म्हणायचा. ते म्हटल्याशिवाय त्यानं कधी बटणाला हात लावला नाही.

मग आमच्याकडे डॉक्टर अनघा आल्या. यवतमाळच्या वकिलांच्या घरातल्या. येताना एक पत्र्याची ट्रंक घेऊन आल्या. त्यात साड्या असतील असं सगळ्यांना वाटलं, तर निघाल्या लहान मुलांच्या फिल्मा! कोणतं हाड पडून मोडतं, कोणतं पिरगाळून मोडतं, कोणतं कोणीतरी दाबून मोडतं, याचं त्यांचं संशोधन चाललं होतं. फिल्मा उजेडाच्या काचेवर लावायच्या आणि तासन्‌तास बघत बसायच्या. "माणसं खोटं बोलतात, नीळकंठमामा," त्या म्हणायच्या, "हाडांना ते जमत नाही."

मित्रांनो, माझा मान केवढा वाढला! तोवर मी नुसता फोटो काढणारा होतो, आता साक्षीदार झालो. जमादार आला तर आधी मला सलाम ठोकायचा, मग ठाणेदाराला.

"अन् ठाणेदार काय करे?" स्वानंदनं विचारलं.

"तो माझ्या पाया पडे. गप बस, किल्लीचोरा."

तर ते कापसाचं वाईट वर्ष होतं. खरेदी केंद्र उघडायचं नाव नाही, भाव नाही. कापूस वेचून झालेला आणि घराघरात कोंबलेला. माणसं ओसरीवर निजायची आणि कापूस घरात. त्या वर्षी पौषातल्या एका सकाळी तांड्यावरची लालीबाई आपली मुलगी कडेवर घेऊन धावत आली. रंजिता नाव, तीन-चार वर्षांची. एक हात लुळा पडलेला आणि श्वास लागलेला.

"काय झालं?" अनघाबाईंनी विचारलं.

"खाटेवरून पडली, बाई."

"केवढी उंच आहे खाट?"

"खाटेएवढीच हाये."

नीळकंठनं पोरीला माझ्या पाटावर निजवलं. "ताईत काढ वं, बाई. फोटूत येते तो."

"नाई काढत," लालीबाई म्हणाली. "येऊ दे. तुह्या मशीनले बी समजू दे, हिच्या पाठीमांगं देव हाये."

"बरं राहू दे. हलू नको, माय. चिमणी बसली हाये."

पोरीनं श्वास धरला. मी डोळा उघडला.

फिल्म ओलीच होती, तिच्यातून पाणी ठिबकत होतं, तोवर अनघाबाईंनी ती काचेवर लावली. दंडाचं हाड ओढाताणीनं मोडलेलं. आणि पाठीच्या कण्यालगत, एका रांगेत, बरगड्या मोडलेल्या. त्या खाटेवरून पडून मोडत नाहीत. त्या दाबल्यावर मोडतात. ट्रंकेतल्या सगळ्या फिल्मा हेच सांगत होत्या.

"कोणी मारलं हिला?"

"खाटेवरून पडली."

"नवरा मारतो का तुझा?"

"देवसिंग? अवं बाई, त्याच्या हातानं माशी नाई मरत!"

"मग तू मारलंस?"

लालीबाईनं खाली पाहिलं. खाली पाहिलं ना, तिथंच घात झाला. अनघाबाईंचं तोंड दगडासारखं झालं. त्यांनी पोलिसांना फोन केला. लालीबाईला बाहेर बाकावर बसवलं आणि पोरीजवळ जायला मनाई केली. आत पोरगी "याडी, याडी" करून आईला हाक मारत होती आणि प्रत्येक हाकेच्या शेवटी छातीत बारीक शिट्टी वाजत होती. पण हाडं इतक्या मोठ्यानं ओरडत होती, की ती शिट्टी कोणाला ऐकूच आली नाही.

मला आली. मी होतो ना.

आता पुढचं नीट ऐका. दंडाचा आडवा फोटो काढायला पोरीला पुन्हा माझ्याखाली आणलं. नीळकंठ काहीतरी आणायला डार्करूममध्ये गेला. खोलीत आम्ही दोघंच. ती रडली, लांबलचक रडली, आणि रडता रडता तिचा श्वास पार बाहेर गेला. नेमक्या त्या क्षणी, मित्रांनो, बटणाला कोणाचाही हात नसताना, मी माझ्या मनानं डोळा उघडला!

"पुरे ना, आबा!" सगळ्या सावल्या खिदळल्या. कोपऱ्यातली तेवढी हसली नाही.

हसा. पण त्या फिल्ममध्ये दंडासोबत छातीही आली, तिच्यात काय दिसलं ते ऐका. श्वास बाहेर गेला की दोन्ही फुप्फुसं आकसतात, फिल्मवर पांढुरकी दिसतात. इथं एकच आकसलं होतं. दुसरं तसंच फुगलेलं, काळं कुट्ट. हवा आत गेली होती, तिला बाहेर यायला वाट नव्हती. श्वासनळीत काहीतरी बुचासारखं बसलं होतं. अनघाबाईंनी ती फिल्म बघितली. मग पोरीजवळ आल्या, तिच्या केसांत बोटं घातली. बोटांना कापसाचा पुंजका लागला. तशाच त्या बाहेर धावल्या.

"लालीबाई, घरात कापूस आहे?"

लालीबाईनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"आढ्यापर्यंत भरला हाये, बाई. थंडीचे लेकरं त्यातच घुसून निजतात. सकाळी घरात जागा होत नव्हती म्हणून देवसिंग वर चढला अन् कापूस तुडवून राह्यला होता. गाणं म्हणून राह्यला होता. बऱ्याच दिवसानं गाणं म्हणत होता, बाई. अन् खाली हे निजली होती. तो बैल सोडाले गेला, तवा मले रडणं ऐकू आलं. दंडाले धरून उपसली म्या हिले."

"मग हे आधी का नाही सांगितलंस?"

"त्याले ठाव नाई. आमच्या तांड्यातले दोघं गेले औंदा, आपल्या हातानं गेले. आपल्या पायाखाली आपली पोरगी आली, हे समजल्यावर हा राह्यन का? त्याले सांगू नोका, बाई. पाया पडतो तुमच्या."

कापसाखाली दबून रडताना पोरीनं एक सरकी आत ओढली होती. कापसाचं एवढंसं बी. बाकी सगळं सोपं होतं. गाडी निघाली, यवतमाळला मोठ्या डॉक्टरांनी नळी घालून सरकी काढली, पोरगी खळखळून रडली. जमादारानं लालीबाईची माफी मागितली आणि माझ्या गळ्यात हार घातला. लालीबाई पोरीला कडेवर घेऊन तांड्यावर परत गेली. देवसिंगला सांगितलं, खाटेवरून पडली होती. आज रंजिता चांगली मोठी झाली आहे. नागपूरला नर्सिंग शिकते. दिवाळीला येते, या खोलीच्या खिडकीतून मला हात करते.

म्हणून मित्रांनो, माझं एवढं मागणं आहे. लहानग्याला लागलं, तर जे घडलं तेच सांगा. भीती वाटेल, लाज वाटेल, घरातलं कोणी गुंतलेलं असेल, तरी सांगा. आणि तुम्ही मोठेपणी डॉक्टर झालात, तर रागवायच्या आधी छातीला कान लावा. हाड वाट बघतं. ते वर्षानंतरही खरं सांगतं. श्वास वाट बघत नाही...

कोपऱ्यातली शिट्टी बंद झाली. ती लहानगी उठून उभी राहिली होती. ताईत मुठीत धरून ती माझ्यासमोर आली. बाकीच्या सावल्या आपोआप बाजूला सरकल्या.

"आबा, खोटं."

स्वानंद नेहमीसारखा हसायला गेला आणि त्यानं पोटातली किल्ली हातानं झाकली.

"याडी एकटीच गेली घरी," ती म्हणाली. "अन् तू दुसरा फोटू काढला ना, तवा नीळकंठमामा बटनापाशीच उभा होता. पन त्यानं मले 'हलू नको' म्हटलंच नाई."