कपाचा कान

पोरीने परीक्षकांपुढे मांडला तो एक कप होता. कप म्हटल्यावर हसू येतं. बाकीच्या मुलांनी सायकली आणल्या, खुर्च्या आणल्या, आणि ही बाई चार वर्षं डिझाईन शिकून कप घेऊन उभी! पण कप साधा नव्हता. बूड जड, तोंड आत वळलेलं आणि दोन बाजूंना दोन कान. हात थरथरणाऱ्या माणसाला कुणाची मनधरणी न करता चहा पिता यावा, एवढंच तिचं म्हणणं. तो माणूस म्हणजे तिची आई. आई जाऊन सतरा दिवस झाले होते.

मागे भिंतीवर तिने मोठा तक्ता लावला होता. आईने घरी तीस दिवस कप वापरला. रोज चहा झाला की वहीत खूण करायची: जमलं तर बरोबर, नाही तर फुली. तक्त्यावर ओळीने तीस बरोबर. ते बघून वर्गातल्या मुली डोळे पुसत होत्या. तिने स्वतः टिपूस काढलं नाही. आई शेवटचा महिना आपल्या हाताने चहा प्यायली, या एका गोष्टीवर ती उभी होती.

बाहेरून आलेले म्हातारे परीक्षक मात्र तक्ता सोडून वहीच चाळत बसले.

"आईचा हात फार कापायचा म्हणालीस ना?"

"हो सर. सहीसुद्धा करता यायची नाही."

"मग या खुणा इतक्या सरळ कशा गं?"

कान सोनारानेच टोचावेत म्हणतात, पण म्हणून दुखायचं थोडंच राहतं! तिने वहीत वाकून पाहिलं. तीसच्या तीस खुणा पट्टी लावून ओढल्यासारख्या होत्या. इतके दिवस वही उशाशी घेऊन झोपली, तक्त्यासाठी एकेक खूण मोठी करून छापली, आणि दिसलं नाही ते नाहीच.

"आणि मागच्या पानावर हे काय?"

"ते... पेन चालतंय का बघितलं असेल."

सरांनी वही मिटून तिच्या हातात दिली. पुढे काही विचारलं नाही. भला माणूस.

घरी आल्या आल्या तिने वही बाबांपुढे टाकली. बाबा दुकानांच्या पाट्या रंगवणारे. उभ्या आयुष्यात त्यांची रेघ कधी वाकडी गेली नव्हती.

"या खुणा तुम्ही केल्यात?"

बाबा चष्मा शोधायला लागले. चष्मा नाकावरच होता.

"तिने शपथ घातली होती गं."

"एकदा तरी जमला का तिला?"

"पहिल्याच दिवशी अंगावर सांडला. बोटं कानात जायचीच नाहीत. मग मीच पाजायचो, चमच्याने. म्हणाली, पोरगी मरमर मरतेय, फुल्या बघून तिचं वर्ष बुडेल."

"आणि मी होस्टेलवरून रविवारी यायचे तेव्हा?"

"'आत्ताच झाला माझा' म्हणायची ना? तू यायच्या आधी कप ओला करून पालथा घालून ठेवायचो आम्ही." बाबा हसायला गेले आणि त्यांना रडू फुटलं. चष्मा पुसून म्हणाले, "एकदा मात्र मला स्वयंपाकघरातून हाकललं. म्हणे, आज मी स्वतः लिहिणार. बघतो तर नुसत्या रेघोट्या."

ती वही घेऊन खिडकीशी गेली. मागच्या पानावर अक्षरं एकमेकांच्या अंगावर चढली होती. आधी एक 'न' सापडला, मग त्याच्या आधीचा 'का'. बऱ्याच वेळाने सगळं लागलं.

"कान मोठा कर. बाकी छान."

दहा दवाखाने फिरून तिने म्हाताऱ्या माणसांच्या मुलाखती घेतल्या होत्या, आणि घरातल्या बाईने लिहून दिलेलं वाचलं नव्हतं. काखेत कळसा नि गावाला वळसा, दुसरं काय!

कानाचं माप तिने स्वतःच्या बोटावरून घेतलं होतं. हिचे हात अगदी आईवर गेलेत, असं लहानपणापासून सगळे म्हणत. मावशी तर दोघींचे पंजे एकमेकांना लावून दाखवायची. मग वेगळं माप कशाला? आईची पेरं सुजून केव्हाच जाड झाली होती. दोन वर्षांपूर्वी अंगठी कापून काढावी लागली, तेव्हा ही शेजारीच उभी होती.

तिने पिशवीतून कप काढला आणि कानात बोट घातलं. ते सहज आत गेलं, कुठे अडलंसुद्धा नाही. तेव्हा कुठे ती रडली, अगदी लहान पोरासारखी, नाक वाहेस्तोवर.

"बाबा, मोठा म्हणजे किती मोठा?"

बाबांनी अंगठा आणि बोट जोडून गोल केला. थोडा सैल केला, परत आवळला. "एवढा... नाही, जरा मोठा. थांब हं." महिनाभर रोज तो हात हातात धरून त्यांनी चहा पाजला होता, आणि आता त्यांनाही नक्की सांगता येईना.