उजवीकडचे पोचे

मास्तरांच्या बैठकीच्या खोलीत, लग्नाच्या फोटोच्याही वर, एक चौकट टांगलेली होती. आत विमा कंपनीचं पत्र होतं. सलग पंचवीस वर्षं एकही क्लेम न केल्याबद्दल अभिनंदन, आणि खाली कुण्या मॅनेजरची छापील सही. अशी पत्रं कंपनी गठ्ठ्याने पाठवत असणार आणि लोक ती रद्दीत घालत असणार. मास्तरांनी त्याला काच बसवून घेतली होती. घरी कुणी आलं की चहा येण्याआधी पाहुण्याची नजर त्या भिंतीकडे कशी वळेल याची ते चोख व्यवस्था करत.

मास्तर म्हणजे ड्रायव्हिंग स्कूलचे मास्तर. अर्ध्या गावाला त्यांनी गाडी शिकवली होती आणि उरलेल्या अर्ध्या गावाला कशी चालवू नये हे खिडकीतून डोकं काढून सांगितलं होतं. सत्तरी ओलांडली, स्कूल बंद केलं, पण स्टिअरिंग सुटलं नाही. रोज सकाळी बायकोला शेजारी बसवून ते बाजारात जात, कोथिंबिरीची एक जुडी आणायची असली तरी.

त्यांचा एकुलता एक मुलगा डेंटर होता. गावाबाहेरच्या रस्त्याला त्याचं गॅरेज होतं आणि गाडीला पडलेले पोचे काढण्यात त्याचा हात धरणारं आसपास कुणी नव्हतं. मास्तरांना मात्र त्याचं काडीचं कौतुक नव्हतं. मुलगा काय करतो असं कुणी विचारलं की ते म्हणत, ‘‘लोक चुका करतात, हा पत्रे ठोकतो.’’ पोरगा शेजारी उभा असला तरी हेच म्हणत. वीस वर्षं ऐकून ऐकून मुलाच्या मनाला त्याचे घट्टे पडले होते, पण घट्ट्याखाली दुखायचं थांबलं होतं असं नाही.

पहिला पोचा दीड वर्षापूर्वीचा. औषधांचं दुकान चालवणाऱ्या बाई चौकात सरळ येत होत्या आणि मास्तर वळता वळता त्यांच्या गाडीच्या दारावर जाऊन आदळले. कुणाला खरचटलंही नाही. बाईंचं दार आत गेलं, मास्तरांच्या गाडीचं उजवं मडगार्ड चेपलं. मुलगा धावत पोहोचला तेव्हा मास्तर बाईंना रस्त्याचे नियम समजावत होते आणि बाई विमा कंपनीला फोन लावत होत्या.

मुलाने बाईंना बाजूला घेतलं. ‘‘बाई, कंपनी कशाला मधे आणता? दोन्ही गाड्या मी करून देतो. चार दिवसांत दार असं करतो की तुम्हालाच ओळखू येणार नाही. एक पैसा नको.’’

‘‘पैशाचं नाही हो,’’ बाई म्हणाल्या. ‘‘मी हॉर्न वाजवत होते. ते माझ्या बाजूला बघून वळले, पण त्यांनी मला बघितलंच नाही. त्यांचे डोळे दाखवा कुणाला तरी.’’

हेच तर नको होतं. सत्तरीपुढच्या माणसाचा क्लेम आला की कंपनी डोळे तपासून घ्यायला लावते, हे गॅरेजवाल्याला ठाऊक असतं. डोळ्यांत काही निघालं तर लायसन्स गेलं. चौकटीतलं पत्र गेलं, रोजची सकाळ गेली आणि मास्तर खुर्चीत बसून भिंत बघत राहिले, असं सगळं चित्र मुलाच्या डोळ्यांपुढून सरकलं. तो हसून म्हणाला, ‘‘ऊन होतं समोर. वय झालंय, एवढं चालायचंच.’’ बाईंनी कुरकुरत होकार दिला. त्याने त्यांच्याकडून दोन ओळी लिहून घेतल्या: गाडी दुरुस्त करून मिळाली, माझी काही तक्रार नाही, याबद्दल कुठे काही बोलणार नाही.

मग तो कामाला लागला. मडगार्ड त्याने आतून हळूहळू उठवलं, पुट्टी नखाएवढीच वापरली, आणि आठ वर्षं उन्हात उभ्या राहिलेल्या त्या राखाडी रंगाशी जुळणारा रंग सहा वेळा कालवून सातव्यांदा जमवला. मास्तर गाडी न्यायला आले. त्यांनी मडगार्डवरून तळहात फिरवला, पुन्हा फिरवला आणि म्हणाले, ‘‘कळत नाही हं.’’

एवढंच. पण त्या दिवशी जेवण कशाशी खाल्लं ते मुलाला आठवत नाही. चाळिशी उलटलेला बाप्या, बापाच्या दोन शब्दांवर शाळेत पहिला आल्यासारखा हवेत होता. हसू येतं, आणि पुढचं माहीत असलं की येत नाही.

दुसऱ्या वेळी ब्रेडची व्हॅन होती. व्हॅनवाल्याला भरपाईपेक्षा पुढे जायची घाई होती. त्याने जागच्या जागी मिटवलं आणि संध्याकाळी गॅरेजला व्हॅन आणून लावली. तिसऱ्या वेळी शाळेचं लोखंडी फाटक. मास्तरांचं म्हणणं, फाटक पूर्वी तिथे नव्हतंच. मुलाने मुख्याध्यापकांच्या हातापाया पडून फाटक रविवारी वेल्डिंग करून दिलं, वर रंगही मारून दिला. प्रत्येक वेळी गाडी पूर्वीसारखी झाली, आणि प्रत्येक वेळी मास्तरांनी हात फिरवून तेच दोन शब्द म्हटले.

पोचे बघणं हा ज्याचा धंदा, त्याला एक गोष्ट न दिसणं शक्य नव्हतं. तिन्ही पोचे उजवीकडचे होते. पुढचं उजवं मडगार्ड, पुढचं उजवं मडगार्ड, उजवा बंपर. हे दुसऱ्या कुणाच्या गाडीवर दिसलं असतं तर त्याने मालकाला समोर बसवून खडसावलं असतं. इथे त्याने सरळ कानाडोळा केला.

तिसऱ्या पोच्यानंतर एकदा तो त्यांच्या गाडीत मागे बसून बाजारात गेला होता. आई पुढे बसून गप्पा मारत होती. ‘‘उजवीकडून सायकल येतेय बघा, त्या शिंप्याच्या पोरीची वाटतं. अगंबाई, तिची आई पण आहे उजवीकडे, रस्ता ओलांडतेय.’’ मास्तर हूं हूं करत होते आणि गाडी बरोब्बर चालवत होते. मुलाला वाटलं, म्हातारपणी आई किती बडबडी झाली. उतरताना मात्र त्याला जाणवलं, तिची बडबड सगळी उजवीकडचीच होती. स्वयंपाकघरात तिला एकटीला गाठून त्याने विचारलं, ‘‘आई, बाबांना नीट दिसतं ना?’’

ती चहा गाळत होती. ‘‘दिसतं की.’’

‘‘उजवीकडचं?’’

‘‘मी असते ना बरोबर,’’ ती म्हणाली, आणि कप घेऊन बाहेर गेली. मास्तरांच्या डाव्या हाताला तिने तो ठेवला, नेहमीसारखा.

चौथा पोचा घराच्या दारातला. बाजारातून परत येताना आई नेहमी आधी उतरायची, फाटकाची झडप उघडून उजव्या खांबाजवळ धरून उभी राहायची, आणि मास्तर गाडी आत घ्यायचे. गाडी आत घेतानाची ती चार पावलं सोडली, तर बाकी सगळा वेळ ती त्यांच्या शेजारी डोळ्यांत तेल घालून बसलेली असायची. त्या दिवशी गाडी नेहमीपेक्षा थोडी उजवीकडून वळली.

आईच्या कमरेचं हाड मोडलं आणि पोटात रक्तस्राव झाला. हॉस्पिटलमध्ये पोलीस येऊन जबाब घेऊन गेला. आई शुद्धीवर होती. तिने स्वच्छ सांगितलं, ‘‘माझाच पाय घसरला. ह्यांची काही चूक नाही. घसरले ती गाडीपुढे आले.’’

पोलीस नंतर घरी फाटक बघायला आला. पाणी पिता पिता त्याची नजर चौकटीकडे गेली. ‘‘पंचवीस वर्षं?’’ तो म्हणाला. ‘‘इतका स्वच्छ रेकॉर्ड मी कुणाचा बघितला नाही.’’ मुलगा मूग गिळून बसला. पोलिसाने वही मिटली आणि जाताना दोघांची समजूत घातली, की म्हाताऱ्या माणसांचा तोल जातो, कुणी मनाला लावून घेऊ नये.

पाचव्या दिवशी आई गेली.

भेटायला येणाऱ्यांमध्ये औषधवाल्या बाई होत्या. त्या मास्तरांजवळ बसल्या नाहीत. जाताना मुलापाशी थांबून खालच्या आवाजात म्हणाल्या, ‘‘मी कुणाला काही बोलले नाही. तुम्हीच नको म्हणाला होता.’’ त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं, निदान उलटून काही बोलता आलं असतं.

गाडी गॅरेजमध्ये आणून ठेवलेली होती. दहा दिवस त्याने तिच्यावर ताडपत्री टाकून ठेवली. अकराव्या दिवशी दुपारी त्याने ताडपत्री काढली आणि उजव्या मडगार्डवर तळहात ठेवला.

खांबावर आदळलेला पत्रा चिरल्यासारखा आत जातो, भिंतीला घासलेल्या पत्र्याचा रंग सोलून निघतो. इथे रंग जसाच्या तसा होता. पसरट, उथळ, मऊ खोलगा होता, बशीएवढा. हा माणसाचा पोचा होता. आणि तो वर होता, मडगार्डच्या कडेला, उभ्या बाईच्या कमरेइतका. पाय घसरून गाडीपुढे पडलेलं माणूस खाली बंपरला लागतं. बंपरवर ओरखडा नव्हता.

ती पडली नव्हती. ती खांबाला पाठ लावून उभी होती आणि गाडी तिच्याकडे येताना बघत होती.

तो तिथेच जमिनीवर बसला आणि मोठ्याने रडला, आईसाठी रडला तसा नाही, पकडला गेलेला माणूस रडतो तसा. या मडगार्डवर त्याने दोनदा हात चालवला होता. पहिला पोचा त्याने तसाच ठेवला असता, बाईंना फोन करू दिला असता, तर या जागेवर आज काही नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी विमा कंपनीचा माणूस फॉर्म ठेवून गेला. हॉस्पिटलचा खर्च मिळेल, पहिलाच क्लेम आहे, काही अडचण यायची नाही, असं सांगून गेला. मुलाने चहा केला. दोघंच होते. त्याने कप बापाच्या उजव्या हाताला ठेवला. मुद्दाम नाही, उजव्या हाताने पिणाऱ्या माणसापुढे कुणीही ठेवेल तिथे ठेवला. मास्तरांनी वर्तमानपत्र घ्यायला हात लांब केला आणि कप उडवून दिला. चहा टेबलभर पसरला.

‘‘तुझी आई असती तर...’’ मास्तर चिडून म्हणाले, आणि ओलं झालेलं वर्तमानपत्र झटकलं. थोड्या वेळाने ते म्हणाले, ‘‘गाडी कधी देतोस? पोचा काढून टाक आधी. मला तो बघवणार नाही. आणि घरात बसवत नाही रे आता.’’

मुलाने टेबल पुसलं. डोळे दाखवू या, अजून काही दिवस थांबू, असं काहीबाही सांगून वेळ मारून नेता आली असती. पण मास्तरांकडे दुसरी किल्ली होती आणि ते ऐकणाऱ्यातले नव्हते. कारण सांगितल्याशिवाय ते थांबणार नव्हते, आणि कारण एकच होतं.

‘‘आधी फॉर्म भरू,’’ तो म्हणाला.

नाव, पत्ता, गाडीचा नंबर. मास्तर सांगत गेले, तो लिहीत गेला. मग त्याने पुढचा प्रश्न वाचला, ‘‘या वाहनाला याआधी अपघात झाले आहेत का? असल्यास तपशील.’’

‘‘नाही लिही,’’ मास्तर म्हणाले, आणि सवयीने भिंतीकडे बघितलं.

मुलगा लिहीत राहिला. ‘नाही’ लिहायला लागतो त्याहून बराच जास्त वेळ लागला, तसे मास्तर पुढे वाकले. चौकात, उजवं मडगार्ड. ब्रेडची व्हॅन, उजवं मडगार्ड. शाळेचं फाटक, उजवा बंपर. प्रत्येकापुढे महिना आणि वर्ष. त्याखाली: तिन्ही वेळा परस्पर मिटवलं. दुरुस्ती मी केली.

‘‘हे काय मांडलंयस? वेड लागलं का तुला? लायसन्स जाईल माझं!’’

‘‘बाबा, आईचा पाय घसरला नव्हता.’’

मास्तरांनी फॉर्म ओढायला हात पुढे केला होता. तो त्यांनी मागे घेतला.

‘‘पोचा कमरेच्या उंचीवर आहे. ती उभी होती. तुमच्या उजवीकडे, खांबापाशी, रोज उभी राहायची तिथेच.’’ त्याने पेन खाली ठेवलं. ‘‘तुम्हाला ती दिसली नाही. दीड वर्ष उजवीकडचं दिसत नाही तुम्हाला. तिला माहीत होतं. मलाही माहीत होतं.’’

मास्तरांनी एकदा टेबलावर राहिलेल्या चहाच्या ओलीकडे बघितलं. मग त्यांनी हात उचलला आणि तळव्याने आपला डावा डोळा झाकला, नवशिक्यांना डोळे तपासायला पाठवताना करून दाखवायचे तसा, बोटं घट्ट जुळवून. बाहेर कुणीतरी गाडी रिव्हर्स घेत होतं, तो आवाज येऊन थांबला.

‘‘तू कुठे आहेस आत्ता?’’ त्यांनी विचारलं.

‘‘तुमच्या समोरच आहे, बाबा.’’

मास्तरांनी डोळ्यावरचा हात काढला नाही.