हाताच्या मापाने

"लवूकाका, खरं सांगा, चष्म्याचा नंबर वाढलाय का तुमचा?" कार्यालयातले कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या वृंदाने विचारले. तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणूनच लवूला ते जास्त लागले.

तिच्या हातात यादीचे पान होते. एका नावाच्या मधोमध चारपाच अक्षरांच्या जागी काळे चौकोन आणि कसलीशी चिन्हे उमटली होती. काळाचौकीच्या त्या दोन खोल्यांच्या कार्यालयात, बंद पडलेल्या एका गिरणीतल्या कायम कामगारांची यादी तयार होत होती. नावे सहा हजार. संपाला अठरा वर्षे होऊन गेली, तेव्हा कुठे कामगारांसाठीच्या घरांवर हक्क कोणाचा याची विचारणा झाली होती. आज पाचच्या आत यादी सरकारी कचेरीत द्यायची होती. ज्याचे नाव वाचता येणार नाही, त्याचा अर्ज बाद, असे लेखी आले होते.

घड्याळात साडेअकरा झाले होते आणि चारशे नावे अजून चढवायची होती.

संपानंतर लालबागच्या एका क्लासात लवू टायपिंग शिकला, त्यावरच त्याचे दिवस निघाले. इथे तो पुढच्या खोलीतल्या युनिक्स कॉम्प्युटरवर नावे चढवी. फाइल मात्र मागच्या खोलीतल्या दुसऱ्या मशीनच्या डिस्कवर राही. भिंतीला भोक पाडून नेलेल्या काळ्या वायरीतून ती तिकडे जाई. टाइप करताना नाव नीट दिसे, छापून आले की बिघडलेले असे. वृंदाने दोन दिवस डिस्क तपासली, प्रिंटर तपासला. बिघडलेली नावे निघाली तेवीस, तीही कशीही विखुरलेली. दोन जवळजवळ, मग पाचशे ओळी स्वच्छ, मग पुन्हा एक.

"मशीनची चूक असली तर तिची एक ठरलेली रीत असते," ती राजारामला म्हणाली. "हे हाताचं काम आहे. भलतीच कळ दाबली जातेय."

राजाराम कार्यालय सांभाळी. तोही त्याच गिरणीतला. लवूकडे न बघता तो म्हणाला, की मग उरलेल्या नावांना दुसऱ्या कोणाला बसवू या.

लवू खुर्चीतच बसून राहिला. त्याला एक गोष्ट ठाऊक होती आणि ती तोंडातून बाहेर पडत नव्हती. अकरा वर्षे तो गिरणीत बदली कामगार होता. रोज सकाळी दारात उभे राहायचे, एखादा कायमचा कामगार आला नाही तर जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, बोट दाखवी. कापडात दोष निघाला, तर दुसऱ्या दिवशी जॉबरची नजर लवूवरून तशीच पुढे सरके. म्हणून दोष दिसला की कोणी बघायच्या आत सुईने धागा भरून घ्यायचा आणि गप्प राहायचे, हे तो पहिल्याच वर्षी शिकला होता.

"मॅडम," तो अखेर म्हणाला, "तेवीस नाहीत ते. जास्त होते."

"म्हणजे?"

"बाकीचे मी बुजवले. मंगळवारपासून. सकाळी आठला येऊन, मागल्या मशीनवर बसून, गिरणीचं हजेरीचं मस्टर बघून. डोळ्यांना सापडले तेवढे."

"पण का?"

"माझीच बोटं चुकतायत असं वाटलं. डाग दिसला की दुसऱ्या दिवशी बोलावणं नाही."

राजाराम हळूच म्हणाला, "अरे लवू, गिरणी बंद पडली रे कधीच."

मग लवू उठला आणि कपाटामागून कागदाची जाड घडी काढून आणली. ती सोमवारची छापील यादी होती, एकही डाग न बुजवलेली, पानापानाला जोडलेला एकच लांब कागद. तिघांनी तो जमिनीवर उलगडला. तो पुढच्या खोलीतून मागच्या खोलीत गेला आणि भिंतीपाशी वळून परत आला.

लवू गुडघ्यांवर बसला. कापड मोजायच्या जुन्या सवयीने त्याने पहिल्या डागावर कोपर टेकले आणि हात लांब केला. मधल्या बोटाचे टोक दुसऱ्या डागावर पडले. तिथे कोपर ठेवले, तर बोट तिसऱ्यावर. चौथा, पाचवा, सहावा. तो कागदावरून सरकत राहिला आणि वृंदा त्याच्यामागून वाकून चालत राहिली.

"दोष कुठेही आला तर सूत वाईट, नाहीतर माणूस," तो वर न बघता म्हणाला. "सारख्या अंतरावर आला, तर माग."

वृंदाने दोन डागांमधल्या ओळी मोजल्या. एकशे एक. ओळीतल्या अक्षरांनी गुणले आणि ती जागच्या जागी थांबली. वायरीतून फाइल तेवढ्याच अक्षरांच्या तुकड्यांनी जात होती, आणि प्रत्येक तुकडा एकाच ठिकाणी बिघडत होता. मागच्या मशीनमध्ये वायर जिथे जोडली होती, ते कार्ड नादुरुस्त होते. पण मग आलेला तुकडा शाबूत आहे का, हे मशीनने तपासून बिघडलेला तुकडा परत मागायला हवा होता.

"ती तपासणी मीच बंद केली," ती म्हणाली. "मागच्या आठवड्यात. जरा वेग यावा म्हणून." मग ती लवूकडे वळली. "काका, तुमच्या बोटांचा काही दोष नव्हता."

बुजवले नसते तर तिला हे मंगळवारीच दिसले असते, हे लवूला कळत होते.

वृंदाने कार्ड बदलले, तपासणी पुन्हा चालू केली. राजाराम मस्टर वाचू लागला, लवू चढवू लागला. आधी चारशे नवी नावे, मग बुजवायची राहिलेली ती तेवीस. साडेतीनला वृंदाने दोन्ही मशीनना फाइलमधल्या सगळ्या अक्षरांची बेरीज काढायला लावली. दोन्ही पडद्यांवर एकच आकडा आला. तरी तिने तो दोनदा वाचला.

सव्वाचारला राजाराम यादीचा गठ्ठा छातीशी धरून जिना उतरला.

"काका, तुमचं नाव कितव्या पानावर आहे?" वृंदाने विचारले.

"ही कायमवाल्यांची यादी ना," लवू म्हणाला. "मी ह्यांच्या मागावर उभा राहायचो. हे आले नाहीत त्या दिवशी."

मग तो खाली बसला आणि सोमवारच्या कागदाची घडी घालू लागला, पानावर पान, कापडाच्या ताग्याची घालतात तशी. आयुष्यभर त्याने डाग आत जाईल अशी घडी घातली होती. आज त्याने डाग वर ठेवला, हाताने कागद सारखा केला आणि ती घडी वृंदाच्या टेबलावर, सगळ्यांना दिसेल अशी ठेवून दिली.