राणीची धाप

आईने हेडफोन कानांवर चढवला, चष्मा कपाळावर सरकवला आणि ती नवऱ्याचा खून करायला सज्ज झाली.

नवरा काचेपलीकडेच बसला होता. डबिंगचा दिग्दर्शक तोच. स्टुडिओत सगळे त्याला माघारी 'कानसेन' म्हणत. कुणाचा एखादा 'स' जिभेवर किंचित रेंगाळला तरी त्याला तो ऐकू यायचा. त्याच्या शेजारी रेकॉर्डिस्ट होता आणि मागच्या खुर्चीत, स्वतः लिहिलेल्या मराठी संवादांचे कागद मांडीवर घेऊन, लेक. मालिका परदेशी होती. गोष्ट ग्रीक पुराणातली, माणसं मात्र आजची. राजा जहाजांच्या कंपनीचा मालक. पुराणात तो वाऱ्यासाठी थोरल्या मुलीचा बळी देतो, इथे एका करारासाठी. राणी वर्षानुवर्षं हसतमुखाने वाट पाहते आणि तो विजयी होऊन घरी येतो त्या दिवशी त्याला न्हाणीघरात गाठते.

"अहो, किती वार करायचेत?" आईने माइकमधून विचारलं.

"चित्रात तीन आहेत."

"तीनच? इतकी वर्षं संसार केलाय तुमच्याशी. तिनात काय होतंय?"

रेकॉर्डिस्ट फिसकन हसला. लेकही हसली. बाबांनी ओठ दाबून धरले आणि हाताने सुरू करण्याची खूण केली.

पडद्यावर राणीने सुरा उगारला. आईचा आवाज तिच्या ओठांवर चपखल बसला. सुरा पडला, राणी भिंतीला टेकून धापा टाकू लागली. आईही, माइकचा स्टँड धरून, मान खाली घालून.

"वा!" बाबांनी टेबलावर थाप मारली. "हीच धाप हवी होती. अजून एकदा. जरा मोठी."

आईने अजून एकदा केलं. मग अजून एकदा.

"आज राणीने पार घाम काढला," घरी आल्यावर ती म्हणाली, आणि दोरीवरचे कपडे काढायला लेकीलाच पाठवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा उतू गेल्याचा वास आला म्हणून लेक स्वयंपाकघरात गेली. आई ओट्याला टेकून खाली बसलेली होती. डॉक्टरांनी हृदयाचं सांगितलं. काही करायला वेळच मिळाला नाही.

भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला बाबा ती धाप ऐकवत. फोन पुढे धरून म्हणत, "शेवटच्या दिवशी काय काम करून गेली बघा." माणसं डोळे पुसत. लेक कप उचलून आत नेई. तिलाही तेव्हा अभिमानच वाटत होता.

राणीच्या पुढच्या प्रसंगांना नवा आवाज घ्यायचा होता. जोड नीट बसावी म्हणून लेकीने रेकॉर्डिस्टकडे आईचं मूळ रेकॉर्डिंग मागितलं.

"ताई, कापलेलंच ऐका ना. स्वच्छ आहे."

"मूळ लाव."

त्याने लावलं आणि कामाचं निमित्त काढून तो बाहेर गेला.

एरवी आई पडद्यावरच्या कुणासाठी हमसून रडे आणि बाबांनी थांबवताच विचारे, "चहा सांगितलात का?" तिचं रडणं, हसणं, धाप, सगळं नळ बंद करावा तसं थांबायचं. या रेकॉर्डिंगमध्ये बाबांचा 'वा' झाला, टेबलावरची थाप झाली आणि धाप थांबली नाही. तिच्यातूनच आई म्हणाली, "जरा..." त्यावर बाबांचा आवाज पडला. "अजून एकदा."

लेकीने शेवटपर्यंत ऐकलं. हेडफोनची वायर नीट गुंडाळून ठेवली.

"सरांनी हे पुन्हा नाही ऐकलेलं," रेकॉर्डिस्ट दारातून म्हणाला. "कापायचं काम माझं असतं. कशाला त्यांच्या जिवाला..."

"हो ना," ती म्हणाली. "कशाला."

तिने डूख धरला. वरून काही दिसलं नाही. बाबांचा चहा वेळेवर होत होता, सदऱ्यांना इस्त्री होत होती. मालिकेतली धाकटी मुलगी बापाच्या बाजूने उभी राहते आणि आईच्या जिवावर उठते. तिचे संवाद लिहिताना लेकीचं पेन अडत असे. आता मनातल्या मनात आईच्या जागी बाप ठेवला की वाक्यं भराभर येत.

"या पोरीचं जमलंय तुला," बाबा कागद परत देत म्हणाले. "एवढं विष आणलंस कुठून?"

"घरातूनच."

ते हसले. तीही हसली.

मालिका सुरू होण्याआधी वाहिनीच्या लोकांसाठी स्टुडिओच्या छोट्या दालनात कार्यक्रम ठेवला होता. वाहिनीच्या मॅडम पहिल्या रांगेत होत्या, मागे सगळे आवाजाचे कलाकार. बाबा आईविषयी चार शब्द बोलणार आणि तो प्रसंग ऐकवणार होते. रेकॉर्डिंग लावायचं काम लेकीने मागून घेतलं होतं. तिने मूळ लावलं.

बाबा बोलून झाल्यावर पडद्याशेजारी, मशीनपाशी तिच्याजवळ येऊन उभे राहिले. दालनात अंधार झाला. सुरा पडला, धाप सुरू झाली. कुणीतरी हळहळलं. मग बाबांचा 'वा' घुमला; लोकांना तीही गंमतच वाटली, मॅडम कौतुकाने बाबांकडे वळल्या. धाप चालूच राहिली. मशीनच्या उजेडात लेक बाबांच्या चेहऱ्याकडे बघत होती. याच क्षणासाठी तिने सगळं पोटात ठेवलं होतं.

चेहरा हलला नाही. हात मात्र पुढे आला आणि त्याने मशीनवरची आवाज कमी करायची पट्टी खाली ओढली. बरोबर 'जरा'च्या आधी. तो शब्द कुठे येतो, ते एकदाच ऐकलेल्याला कळलंच नसतं. त्या हाताला ते पाठ होतं.

"मशीन बिघडलं वाटतं," बाबा लोकांना म्हणाले. मग तिच्याकडे न बघता, हळू आवाजात, "घरी बोलू."

"घरी तुम्ही एकटे ऐकता."

तिने त्यांची बोटं पट्टीवरून एकेक करून सोडवली. त्यांनी सोडवू दिली.

"वाजू द्या, बाबा," ती म्हणाली, मागच्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात. "तो अभिनय नव्हता. आई मरत होती आणि तुम्ही तिला वा म्हणालात."