घाई नाही

पथकात तिचं खरं नाव कुणी घेत नसे. सगळे तिला मोजणीबाई म्हणत. कुणाचं डोकं बिथरलं, की पोलिसांऐवजी समजूत घालायला सिस्टरची गाडी जायची. ही गाडी खरंच कामाची आहे का, ते ठरवणं मोजणीबाईचं काम. मागे उभं राहायचं, वेळ लिहायची, कागदावर खुणा करायच्या, तोंडातून ब्र काढायचा नाही. आतल्या माणसाने पाऊण तासात दार उघडलं नाही, तर मात्र पोलिसांना फोन.

आज गाडी ओळखीच्या गल्लीत वळली. शेजाऱ्यांनी फोन केला होता तो तिच्या सख्ख्या भावासाठी. नात्यातलं कुणी असेल तर गाडीतच बसायचं, हा नियम तिनेच केलेला. तरी ती नातं न सांगता सिस्टरच्या मागोमाग उतरली. दोन वर्षांपूर्वी पोलिसांना तिनेच बोलावलं होतं. त्यांनी दादाला फरफटत नेलं, तेव्हापासून आपली बहीण मेली असं तो सांगत सुटला होता. तिला त्याला एकदा बघायचं होतं.

दादा न्हाणीघरात कडी लावून बसला होता. बोळ इतका अरुंद, की पुढे सिस्टर, मागे कपाट आणि मध्ये मोजणीबाई चेपलेली.

"घाई नाही. आम्ही इथंच आहोत," सिस्टर दाराशी बसून म्हणाली. मोजणीबाईने 'योग्य'वर खूण केली. महिनाभर हेच वाक्य, हीच खूण.

अर्धा तास गेला.

"कुणीतरी लिहितंय," आतून आवाज आला. "कागद ऐकू येतोय. पोलीसच ना?" आणि काच फुटली.

नियम गेला खड्ड्यात. "दादा, मी आहे रे. पोलीस नाहीत."

"म्हणजे तूच लिहितेस? तू मोजतेस मला?"

"हो." खोटं बोलायला जीभ रेटेना.

"मग आत येऊन मोज."

कडी निघाली. सिस्टरने हात धरायच्या आत ती कागद टाकून आत शिरली, आणि दादाने पुन्हा कडी घातली. हातभर जागा, फरशीवर आरशाच्या काचा. दादा पालथ्या बादलीवर बसला आणि पाय आखडून त्याने तिला जागा करून दिली. तिला रडू फुटलं.

"घाई नाही. आम्ही इथंच आहोत," बाहेरून सिस्टर म्हणाली.

"थांबतात का गं खरंच?" दादाने हळूच विचारलं.

तिने घड्याळ पाहिलं. पोलिसांना फोन जायला अकरा मिनिटं उरली होती.