मुठीतला मुकादम

मुकादम माझ्या मुठीत अडकला, तेव्हा घरात मी एकटी होते. आणि चूक शंभर टक्के माझीच होती, हे आधीच सांगून टाकते.

मुकादम म्हणजे शंखात राहणारा खेकडा. लिंबाएवढा शंख, त्यातून बाहेर आलेली एक जांभळी, दांडगी नांगी. बाकीच्या दोघांवर सारखी अरेरावी करायचा, म्हणून मीच त्याचं नाव मुकादम ठेवलं. लग्न होऊन सुना घरात भांडीकुंडी, कपडेलत्ते घेऊन येतात. आमची सून ओलसर वाळूनं भरलेली काचेची पेटी घेऊन आली आणि आल्या आल्या म्हणाली, "आई, ही कुठे ठेवू? ऊन नको आणि वारा नको." मी मनात म्हटलं, झालं! मुलगा वर्षातले आठ महिने बोटीवर, आणि घरात आम्ही दोघी आणि हे तीन किडे.

पोस्टाच्या खिडकीमागे एकतीस वर्षं मी ह्याच उजव्या हातानं शिक्के मारले. निवृत्त होऊन वर्ष झालं नाही तर अर्धांगाचा झटका आला. पाय सावरला, जीभ तर काय, तिला कधी काही होणार नव्हतंच. पण उजव्या हाताची मूठ वळली ती वळलीच, आणि तळव्यातली जाणीव पार गेली. व्यायाम शिकवायला बाई यायची. चेंडू दाबा, चेंडू सोडा. मी एकदा तो चेंडूच डाव्या हातानं खिडकीबाहेर भिरकावला. बाईनं सुनेकडे बघितलं.

ती चष्म्याच्या दुकानात काचा घासायचं काम करते. तिथून आली की रोज जमिनीवर जुनी चादर अंथरायची, साबण न लावता हात धुवायची आणि खेकड्यांना पेटीबाहेर फिरायला काढायची. वीस मिनिटं, जास्त नाही. कोरड्या हवेत त्यांचा जीव घुसमटतो. एका तळहातावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून परत पहिल्यावर, असे ते चालतच राहायचे. एक दिवस मला म्हणाली, "आई, बसा ना खाली. हात द्या. उजवा."

"अगं, वेड लागलंय का तुला? तो उघडतोय कुठे!"

"उघडेल तेवढा उघडा. फक्त कातडी ताणलेली हवी. सैल राहिली की तो चिमटा काढतो. त्याला पडायची भीती वाटते, म्हणून धरायला बघतो."

स्वतःसाठी जे केलं नाही, ते त्या किड्यासाठी केलं. आधी दोन बोटं सुटली. मग तळहात बशीएवढा झाला. मुकादम त्यावरून चालायचा ते मला दिसायचं. कळायचं मात्र काहीच नाही. सून खालून आपला हात धरून बसायची. दिवसभर उभी राहून आलेली पोर, पण एकदाही "आज नको" म्हणाली नाही. तिची एकच अट होती: उजव्या हातावर एकटीनं घ्यायचा नाही.

त्या दिवशी तिला यायला उशीर होणार होता, आणि मला फुशारकी मारायची होती. ती आली की म्हणणार होते, बघ, आज मी एकटीनं चालवला! चादर अंथरली, फोन शेजारी ठेवला, मुकादमाला उजव्या तळहातावर घेतलं. छान चालला होता. तेवढ्यात पार्सलवाल्यानं दारावरची घंटी दाबली. मी दचकले आणि माझी मूठ खटकन मिटली. माझी ही मूठ मला विचारून थोडीच मिटते!

आत मुकादम. सुनेकडे अकरा वर्षं असलेला, तिच्या लाडाचा. डाव्या हातानं बोटं उचकटायला गेले तर ती जास्तच आवळली. काहीतरी कट्कन वाजलं. फोन लावला.

"अगं, मुकादम मुठीत अडकला! मी त्याला मारलं बहुतेक."

"ओढू नका. झटकू नका," ती म्हणाली. आवाज एकदम शांत. "त्याच्या पाण्याचं भांडं जवळ आहे? त्यात मूठ बुडवा. नळाचं पाणी नको. आता बोटांकडे लक्षच देऊ नका. फक्त मनगट खाली वाकवा, बोटं आपोआप सुटतील. बाईंनी शिकवलंय तसं."

मूठ पाण्यात घातली, मनगट वाकवलं. आणि तळहातात अशी काही कळ गेली, की मी किंचाळले.

"आई गं! चावला मेला! दुखतंय!"

पलीकडे काचा घासायच्या यंत्राची घरघर तेवढी ऐकू येत होती.

"ऐकतेस ना? दुखतंय म्हटलं!"

"कुठे दुखतंय?" तिचा आवाज चिरकला होता. "आई, कुठल्या हाताला?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. झटक्यानंतर एकोणीस महिन्यांनी उजव्या तळव्यात दुखत होतं. मी रडायला लागले आणि हसायलाही लागले. बोटं सैल झाली, शंख पाण्यात सुटला, नांगीची पकडही सुटली. मुकादम भांड्याच्या कडेला चढू लागला. एक पाय मात्र तळाशी पडला होता.

वीस मिनिटांत सून आली. पेटीकडे बघितलंसुद्धा नाही. तशीच माझ्यासमोर खाली बसली.

"तुझ्या मुकादमाचा पाय मोडला गं माझ्या हातून," मी बशीत ठेवलेला तो काडीएवढा पाय दाखवला.

"येतो तो परत, कात टाकली की. हात द्या." तळव्यावर लाल वळ होता. तिनं त्याच्या शेजारी बोट दाबलं. "इथे कळतंय?"

"हो."

"इथे?"

"नाही."

"इथे?"

"अगं हो, टोचतेस काय!" मी म्हणाले. मग म्हटलं, आज बोलून टाकावं. "पोरी, तुझे पांग मी कशी फेडणार गं? पोटच्या पोरीनं केलं नसतं एवढं."

"गप्प बसा हो. मला मोजू द्या. इथे?"

तिचं बोट करंगळीच्या खाली आलं होतं.

"बोटं किती गार पडलीत गं तुझी," मी म्हणाले.

तिनं मोजणं थांबवलं आणि मान खाली घातली. मी मूठ मिटली, मिटेल तेवढी, तिच्या बोटांवर.

"सोडा आई," ती म्हणाली. "चप्पल तरी काढते."

"राहू दे," मी म्हणाले.