तीन नंबरच्या टाकीतला थर

मिहानपलीकडच्या आमच्या डेअरीत मी स्वच्छतेची तपासनीस आहे आणि माणसांपेक्षा यंत्रावर विश्वास ठेवते, हे आधीच सांगते. दुधाची टाकी धुऊन झाली की झाकणातून हात घालून आतल्या पोलादावर कापसाची काडी फिरवायची आणि ती जिवाणूंचे अंश मोजणाऱ्या यंत्रात घालायची. आकडा दहाच्या आत आला की टाकी स्वच्छ. माझ्या वाट्याची तीन नंबरची टाकी मात्र आठवडाभर एकशे बारा दाखवत होती. जिवाणू पोलादाला चिकटले की स्वतःभोवती बुळबुळीत थर विणतात, मग कॉस्टिक सोड्यालाही दाद देत नाहीत, हे मला ठाऊक होतं. पण थर वाढतो, कमी होतो. रोज एकाच आकड्यावर बसून राहत नाही. पाणी कुठंतरी मुरत होतं.

माझा संशय लहानूवर होता. वीस वर्षं टाक्या धुणारा माणूस अंगचोरपणा करणारच, असं मी गौरांग मॅनेजरांना सांगून टाकलं. शुक्रवारी टाकी पास झाली नाही तर लहानूचं काम जाणार, असं ठरलं.

शुक्रवारी मी समोर उभी राहून टाकी धुऊन घेतली. कॉस्टिक, गरम पाणी, आम्ल, पुन्हा पाणी; नाव ठेवायला जागा नव्हती. नवे हातमोजे घालून मी काडी फिरवली. एकशे बारा.

"मॅडम, एक डाव मी फिरवू का जी?" लहानूनं विचारलं. मी चिडूनच काडी दिली. यंत्रावर चार आला.

"तुमी फिरवली का मंगच फेल काहून होते?"

"तुम्ही नीट घासली नाही, लहानूभाऊ."

तो गेल्यावर मी हात साबणानं, मग स्पिरिटनं धुतले आणि नवी काडी स्वतःच्या तळव्यावर फिरवली. एकशे बारा. भीती वाटली, त्याहून जास्त लाज वाटली. तरी अहवालात मी लहानूचाच दोष लिहिला आणि सही केली. तो डबा घेऊन फाटकाबाहेर गेला तेव्हा मी खिडकीत होते.

संध्याकाळी धरमपेठेतल्या घरी मुलीला, अपेक्षाला, दुधाचा पेला दिला.

"आई, बुळबुळीत लागून राहिला हा."

मी तिच्यासमोर दुसरा पेला घासला, पुसला, दूध ओतून पुढे केला. तिनं पेल्याकडे बघितलंच नाही. माझ्या हाताकडे बघत ती एक पाऊल मागे सरकली.